हा तुमचा कोण?

दुबईच्या विमानतळावर माझ्या सख्ख्या भावाने माझ्या नवऱ्याची ओळख 'ड्रायव्हर' अशी करून दिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. काळ गेला की कडूपणा उतरतो म्हणतात. माझा उतरलेला नाही. त्या दिवसाची आठवण आली की आजही तोंडाला पाणी सुटतं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

माझा नवरा फिलिपिनो. फुजैराला, जहाजांना तेल भरून देणाऱ्या एका टर्मिनलवर तो शिफ्ट सुपरवायझर होता आणि मी तिथल्याच एका शिपिंग एजन्सीत अकाउंट्स बघत होते. नव्वदच्या दशकातलं फुजैरा म्हणजे एवढंसं गाव. बाहेरून आलेली माणसं थोडी, त्यामुळे सगळे सगळ्यांना ओळखायचे. शुक्रवारी संध्याकाळी एका हॉलमध्ये बॅडमिंटन चालायचं, तिथे आमची ओळख झाली. दोन वर्षांनी मुंबईला जाऊन आम्ही रजिस्टर लग्न केलं. बाबा नाशिकहून आले, त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि कचेरीबाहेर आम्हा दोघांना उसाचा रस पाजला. दादा आला नाही. त्याचं म्हणे कंटेनर पोर्टवर अडकलं होतं.

दादाचा डाळी, पोहे, मसाल्यांचा व्यापार. दुबईत रास अल खोरला गोडाऊन, करामाला फ्लॅट. मला गल्फमध्ये आणलं ते त्यानेच, आणि हे तो स्वतः विसरत नसे नि मलाही विसरू देत नसे. माझ्या नवऱ्याशी तो कधी वाईट बोलला नाही, हे खरं. तो त्याची ओळख करून द्यायचा नाही, एवढंच. त्याच्या घरी कुणी आलेलं असलं की "ही माझी बहीण" म्हणायचा आणि तिथेच थांबायचा. नवरा शेजारी हातात सरबताचा ग्लास घेऊन उभा. मग मीच सांगायचे, "आणि हे माझे मिस्टर." पाहुण्यांच्या भुवया वर जायच्या, वहिनी घाईघाईने भज्यांची ताटली पुढे करायची.

वहिनी एकदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा स्वयंपाकघरात नाकाला पदर लावून उभी राहिली. नवऱ्याने सकाळी भाताबरोबर खायला सुकी मासळी तळली होती. वहिनी मालवणची. तिच्या माहेरून दर वर्षी सुक्या बोंबलांचं पार्सल येतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "अगं, पण आपला वास वेगळा."

तर त्या वर्षी बाबांची पंचाहत्तरी होती. बाबांनी फोनवर दादाला बजावून सांगितलं होतं, "जावईबापूंना घेऊन या, नाहीतर तुम्हीही येऊ नका." म्हणून आम्ही सगळे एकत्र निघालो: दादा, वहिनी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं. आदल्या दिवशी आम्ही फुजैराहून करामाला येऊन राहिलो. सकाळी दादाचा खांदा धरला होता, म्हणून एअरपोर्टपर्यंत त्याची मोठी गाडी माझ्या नवऱ्याने चालवली. दादा मागच्या सीटवर बसला. "पुढे पाय आखडतात," म्हणाला. गाडी परत न्यायला त्याच्या गोडाऊनचा माणूस एअरपोर्टवर आला होता.

सगळ्यांचे पासपोर्ट दादाच्या कमरेच्या पाऊचमध्ये. प्रवासात पासपोर्ट त्यानेच सांभाळायचे, हा आमच्या घरचा रिवाज. इमिग्रेशनच्या रांगेशी गार्डने हात केला, "लेडीज, लेडीज, उधर." दादाने आम्हा बायकांचे पासपोर्ट काढून दिले आणि आम्ही तिघी बाजूच्या काउंटरला गेलो. माझ्या पासपोर्टवर शिक्का लगेच बसला. मी काउंटर ओलांडून पलीकडे गेले आणि वहिनीची वाट बघत उभी राहिले. तिथून पुरुषांचं काउंटर चार हातांवर होतं. दादा दोघांचे पासपोर्ट देऊन काचेसमोर उभा होता, त्याच्या शेजारी माझा नवरा.

त्यांच्या मागे, अगदी पाठीला खेटून, एक मराठी गृहस्थ सपत्नीक उभे होते. मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होते. महाराष्ट्र मंडळातलं बडं प्रस्थ. शारजात त्यांची दोन-तीन हॉटेलं होती आणि त्यांच्या किचनला माल पुरवायचं कंत्राट मिळावं म्हणून दादा वर्षभर त्यांच्या मागे होता. दादाने त्यांना नमस्कार केलेला मी पाहिला.

काचेमागचा ऑफिसर तरुण होता. त्याने माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट उलटसुलट केला आणि दादाला हिंदीत विचारलं, "ये कौन? तुम्हारा साथ?"

"हां, साथ में."

"कौन? ड्रायवर?"

दादाने मागे पाहिलं. क्षणभरच, पण पाहिलं. ते गृहस्थ आणि त्यांच्या बाई ऐकतच होते.

"हां हां," दादा म्हणाला. "ड्रायवर."

तिकडे वहिनीच्या काउंटरवर माझी भाची उभी होती. तिलाही ऐकू गेलं. "पण डॅडी, ही इज नॉट..." ती म्हणाली, आणि वहिनीने तिच्या तोंडावर हात ठेवला. पटकन, सवयीने, देवळात बोलणाऱ्या पोराच्या तोंडावर ठेवतात तसा. भाऊ घाबरून काहीतरी बोलून गेला असं मी स्वतःला समजावूही शकले असते, पण तो हात पाहिला आणि समजलं की या घरात याचा विचार आधीच झालेला आहे.

माझ्या नवऱ्याला हिंदी कामापुरतं येत होतं. तो काचेकडे वाकून शांतपणे इंग्रजीत म्हणाला, "नो सर. ड्रायव्हर नाही. त्या तिथे उभ्या आहेत त्या मॅडमचा मी नवरा."

ऑफिसरने माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, मग व्हिसाच्या पानाकडे. त्या पानावर फुजैराच्या कंपनीचं नाव होतं. एका कंपनीच्या व्हिसावर असताना दुसऱ्याच्या घरी ड्रायव्हरचं काम करणं म्हणजे तिथे गुन्हा. त्यासाठी माणसाला पकडून मायदेशी रवाना करत, पुन्हा देशात पाऊल ठेवू देत नसत. वीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माझ्या भावाला हे माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही.

"ये बोलता ड्रायवर, तुम बोलता हजबंड," ऑफिसर म्हणाला. "कोई एक झूठ."

दादाने तोंड उघडलं असतं तर तिथेच संपलं असतं. तो पाऊचची चेन लावत राहिला.

मी पलीकडून ओरडले, "दादा, सांग त्यांना! दादा!" रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. ऑफिसरने मला हाताने गप्प केलं, "मॅडम, खलास, जाव." मग त्याने दादाच्या पासपोर्टवर शिक्का मारून तो परत दिला आणि माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवून घेतला. खोटं बोललेला माणूस सीमा ओलांडून माझ्याजवळ येऊन उभा राहिला, आणि खरं बोललेल्याला पोलीस बाजूच्या खोलीत घेऊन गेला.

"अगं, घाबरू नकोस, सोडतील," दादा मला म्हणाला. "मी म्हटलं, पटकन निघू. फॅमिली, ड्रायव्हर, यल्ला, चला, शिक्का. याने मध्येच कशाला तोंड घालायचं?"

मला त्याच्या अत्तराचा वास येत होता, तो सहन होईना. एका पोलीस बाईला गाठून मी हातापाया पडले. ती अरबी होती, वयाने माझ्याएवढी. तिने माझं सगळं ऐकलं आणि मला परत आत, त्या खोलीत नेलं.

खोलीत एक वयस्कर ऑफिसर चहा पीत बसला होता आणि माझा नवरा समोर उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. मी सांगितलं, हा माझा नवरा आहे. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव छापलेलंच होतं, ते दाखवलं. ऑफिसरने ते वाचलं, माझ्या नवऱ्याच्या पासपोर्टवरच्या नावाशी ताडून पाहिलं. काम तिथेच संपायला हवं होतं. पण त्याला गंमत वाटायला लागली होती.

"तुम इंडियन. हिंदू?"

"हो."

"ये क्रिश्चन?"

"हो."

"तुम्हारा बाप राजी?"

"राजी आहेत. त्यांनाच भेटायला चाललोय."

"इंडिया में आदमी खलास?" असं म्हणून तो हसला. दाराशी उभा असलेला पोलीसही हसला. नवऱ्याच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. तो उलटून बोलला असता तर पासपोर्ट टेबलावरच राहिला असता, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मग ऑफिसरने दादाला बोलावून घेतलं. "तुम इसका भाई? ड्रायवर क्यों बोला?"

दादा हात जोडून म्हणाला, "सॉरी सर, गलती से निकल गया. सुबह गाडी ये चला रहा था ना, तो मुंह से निकल गया."

आणि हे सांगताना तो हसला. ऑफिसर आणखी मोठ्याने हसून म्हणाला, "फिलिपिनो हजबंड अच्छा. खाना बनाता, सफाई करता, गाडी भी चलाता!" त्यावर दादा पुन्हा हसला, आधीपेक्षा जोरात. मालक हसला की गोडाऊनमधला मुकादम हसतो तसं. काउंटरवरचं खोटं मी कदाचित कधीतरी गिळलं असतं. पण माझा नवरा उभा असताना, त्याच्याच अंगावर टाकलेल्या विनोदाला माझ्या भावाने दिलेली ती दाद मला गिळता आली नाही. घशाशी आंबट आलं. मी रुमाल तोंडाला लावला, तर त्या पोलीस बाईने मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

शिक्का बसला. "यल्ला, गुड जर्नी."

बाहेर आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "चल, परत जाऊ. नको ते विमान."

तो म्हणाला, "तुझ्या बाबांनी मला बोलावलंय. मी त्यांच्यासाठी चाललोय." मग तो दादाकडे वळला. आजवर तो त्याला 'दादा' म्हणायचा, मीच शिकवलं होतं. त्या दिवशी म्हणाला, "आफ्टर यू, सर."

पुढचे चार दिवस नाशिकला तो त्याला 'सर'च म्हणत होता. बाबांच्या लक्षात आलं, त्यांनी मला खोदून विचारलं आणि मी जे घडलं ते सगळं सांगितलं. बाबा दादाशी काय बोलले मला माहीत नाही, पण औक्षणाच्या वेळी त्यांनी जावयाला आपल्या उजव्या हाताला पाटावर बसवलं आणि दादाला म्हणाले, "तू समया लाव." आई मात्र रात्री पोळ्यांचा डबा लावता लावता म्हणाली, "होतं गं प्रवासात. एक शब्द तो काय! किती ताणशील?" मला तिचीही शिसारी आली, आईची, आणि शिसारी आली म्हणून रडू आलं.

परत आल्यावर मी दादाकडे जाणं बंद केलं. त्या वर्षी भाऊबीजेलाही गेले नाही.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी दादाच फुजैराला आला, न कळवता, मसाफीच्या डोंगरातून एकटा गाडी चालवत. हातात मिठाईचा पुडा. नवरा घरीच होता. दादा सोफ्याच्या कडेला बसला आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग मुद्द्यावर आला. रांगेत मागे उभ्या असलेल्या त्या गृहस्थांच्या बाईंनी काउंटरवरचं सगळंच ऐकलं होतं: दादाचं 'ड्रायवर', आणि माझ्या नवऱ्याचं 'त्या मॅडमचा नवरा'. त्या दोन्हींची बेरीज करून त्यांनी मंडळात सांगितलं होतं की याच्या बहिणीने याच्याच ड्रायव्हरशी लग्न केलं, घरात दिवसाढवळ्या प्रकरण चालू होतं आणि याला पत्ता नव्हता. दोन महिन्यांत ते शारजा, दुबई, उम्म अल कुवैनपर्यंत सगळीकडे झालं होतं. वहिनी बायकांच्या भिशीला जायची बंद झाली होती. कंत्राटाचं नाव कुणी काढत नव्हतं.

"तुम्ही दोघं पुढच्या कार्यक्रमाला या," दादा म्हणाला. "सूट घालून. मी स्टेजवर ओळख करून देतो. टर्मिनलवर सुपरवायझर आहेत, माझे मेहुणे आहेत, सगळं सांगतो. लोकांची तोंडं बंद होतील."

मी नवऱ्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सॉरी सर. माझी ड्यूटी आहे."

"कोणत्या दिवशी कार्यक्रम आहे ते मी अजून सांगितलंच नाही," दादा म्हणाला.

"येस सर," नवरा म्हणाला आणि आत निघून गेला.

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता तरी हा म्हणेल, चुकलो. तो म्हणाला, "माझी इज्जत जातेय गं."

त्याची. अजूनही त्याचीच.

मी त्याला चहा दिला. त्याने तो पिईपर्यंत समोर बसले. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "तू फार बदललीस." मी म्हटलं, "घाटात सावकाश चालव, ट्रक असतात." तो गेल्यावर मी कपबशी धुतली, आणि मग पुन्हा एकदा धुतली.