रेवजींना फक्त विचारायची परवानगी होती

रेवजी वळवींच्या घरात शिरायचं तर आधी शिंकावं लागतं. नंदुरबारच्या बाहेर जिथे मिरची वाळवायच्या पथाऱ्या सुरू होतात, तिथल्या शेवटच्या ओळीत त्यांच्या दोन खोल्या आहेत. डिसेंबरपासून मार्चपर्यंत समोरचं सगळं रान लालभडक असतं आणि पाहुणा उंबऱ्यातच डोळे पुसायला लागतो. रेवजींना आणि फुलीबाईला आता काही होत नाही. फुलीबाईनं ह्याच पथाऱ्यांवर वीस वर्षं मिरचीची देठं खुडली आणि रेवजींनी एकतीस वर्षं एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून काढली. आता ते साठीचे आहेत आणि आतल्या खोलीत त्यांच्याकडे अकरा कॉम्प्युटर आहेत. त्यातले सात चालतात. बाकीचे चार मेलेले नाहीत असं ते ठासून सांगतात. त्यांचा आजार अजून सापडलेला नाही, एवढंच.

हे ज्ञान त्यांना कोणी शिकवलं नाही. कॉलेजातला कॉम्प्युटर बिघडला की सुरतेहून माणूस यायचा, तो टेबलाखाली घुसायचा आणि टॉर्च धरायला रेवजींना हाक मारायचा. टॉर्च धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे टॉर्च धरणाऱ्याला सगळं बघायला मिळतं. पाच-सहा वर्षांत असं झालं की सुरतेचा माणूस येईपर्यंत कॉम्प्युटर चालू झालेला असायचा आणि प्राध्यापक मंडळी म्हणायची, आपोआप सुरू झाला वाटतं. रेवजी काही बोलायचे नाहीत. नोकरी होती, गप्प बसणं त्या नोकरीतच धरलेलं होतं.

निवृत्तीनंतर मात्र त्यांना बोलायला जागा मिळाली. स्टेशन रस्त्यावर हेमराजचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला घरच्या घरी कॉम्प्युटर उघडून बसणाऱ्या लोकांचा भारी नाद. त्यानं 'नंदुरबार पीसी मंडळी' नावाचा व्हॉट्सॲप गट काढला आणि त्यात शहाद्यापासून अक्कलकुव्यापर्यंतचे चारशे लोक गोळा झाले. कोणी शिक्षक, कोणी ट्रॅक्टरवाला, कोणी पोस्टातला.

गटाचे रिवाज हेमराज आणि रेवजींनी मिळून घातले होते. सकाळी फुलं आणि सुविचार टाकायचे नाहीत. नुसतं 'बंद पडला' लिहायचं नाही, झाकण उघडून फोटो टाकायचा. सल्ला सगळ्यांसमोर द्यायचा, म्हणजे चुकला तर चारचौघांना कळतो. आणि बाईमाणसाच्या नंबरावर खाजगीत मेसेज किंवा फोन करायचा नाही. हा नियम रेवजींनी स्वतः हट्टानं घालून घेतला होता, कारण एका शिक्षिकेला कुणीतरी रोज 'जेवलात का' म्हणून छळत होता. शेवटचा रिवाज सगळ्यांत कडक. काम झालं की विचारणाऱ्यानं परत येऊन 'निकाल' टाकायचा, आणि ज्याच्या सल्ल्यानं यंत्र बिघडलं त्यानं तिथेच 'माझं चुकलं' लिहायचं.

रेवजींनीही ते एकदा लिहिलं होतं. नवापूरच्या मगनची रॅम पावसात भिजली आणि रेवजींनी त्याला ती उन्हात वाळत घालायला सांगितली. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं छप्पर. मिरची वाळवणाऱ्या गावाला दुसरं सुचणार तरी काय? दुपारपर्यंत रॅम वाकडी होऊन कायमची जळली. रेवजींनी सगळ्यांसमोर आपल्या अहिराणीत लिहिलं, "मन्हं चुकनं. उनमा ठेवाले मीच सांगेल व्हतं." आणि स्वतःच्या एका कॉम्प्युटरची रॅम काढून नवापूरला पाठवून दिली.

ह्या वर्षी हेमराजचे डोळे अधू झाले म्हणून त्यानं गट भाग्येशच्या हाती दिला. भाग्येश तापीकाठच्या सुखवस्तू घरातला, इंजिनिअर, पुण्यात मोठ्या नोकरीला. मुलगा वाईट नाही. पण हाती कारभार आला की काही लोकांना यादी केल्याशिवाय चैन पडत नाही, तशातला. मगनच्या रॅमचा दाखला देऊन त्यानं जाहीर केलं की यापुढे सल्ला फक्त 'मान्यताप्राप्त' सदस्यच देतील. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. मान्यतेसाठी नाव, शिक्षण, प्रमाणपत्र आणि अनुभव कळवा.

रेवजींनी इमानदारीत कळवलं. शिक्षण: दहावी नापास, दोनदा. प्रमाणपत्र: नाही. अनुभव: एकतीस वर्षं टॉर्च धरली.

भाग्येशला ती थट्टा वाटली. त्यानं उत्तरादाखल हसरा चेहरा पाठवला आणि सात जणांची यादी लावली. रेवजींचं नाव त्यात नव्हतं. हेमराजनं दुकानात चहा पाजून समजूत काढली, "रेवजीभाऊ, थोडा दिन गप बसा. पोऱ्या नवा शे."

"काबरं गप बसू?" रेवजी म्हणाले. "मी काय चोरी करेल शे का? एकतीस वरीस गप बसेल शे. आते नही."

त्यांना राग आला होता, आणि रागाच्या तळाशी खरी भीती होती. साहेबांच्या पुढ्यात पुन्हा टॉर्च धरून उभं राहावं लागतं की काय, ही ती भीती.

पुढच्याच रविवारी सकाळी खांडबाऱ्याहून रुपा गावितचा मेसेज आला. रुपा अंगणवाडीत सेविका आहे. पगारातून वाचवून तिनं जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर ती आपली आपण चित्रांची पुस्तकं बनवायची. तिनं लिहिलं होतं, "दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो. ब्लोअर मारून झाला, फरक नाही. दुपारी भंगारवाला येणार आहे, घरचे म्हणतात देऊन टाक. काही होईल का?" सोबत झाकण उघडलेला फोटो होता, रिवाजाप्रमाणे.

यादीतल्या तिघांनी निकाल लावला. एक म्हणाला बोर्ड गेलं, दुसरा म्हणाला प्रोसेसर गेला, तिसरा म्हणाला एवढ्या जुन्या डब्यात जीव गुंतवू नका, नवा घ्या.

रेवजींनी फोटो मोठा करून पाहिला. कॉम्प्युटर ठीक दिसत होता. फोटोच्या कोपऱ्यात मात्र एक पोतं होतं, आणि पोत्याशेजारी उखळ. त्यांना सल्ला द्यायला बंदी होती. विचारायला नव्हती. ते पाटावर मांडी ठोकून बसले आणि विचारायला लागले.

"रुपाताई, कॉम्प्युटर ठेवेल शे ती खोलीमा मिरची कुटतस का?"

"हो काका. दर वर्षी घरीच कुटतो."

"ब्लोअर मारा तव्हय घरना बठा खोकलनात का?"

"नाही. कोणीच नाही."

"मंग मिरची कोठे गयी?"

मिरची कुटायच्या खोलीत कॉम्प्युटरला ब्लोअर मारला आणि कोणी खोकललं नाही, म्हणजे तिखट बाहेर आलंच नाही, हे यादीतल्या माणसांना कसं सुचावं? ते सुचायला आधी आयुष्यभर शिंकलेलं असावं लागतं.

रेवजींनी पुढचा प्रश्न टाकला. "पंखाना चार स्क्रू काढीसन खाले देखाले काही पैसा लागतस का?"

अर्ध्या तासानं रुपाचा फोटो आला. पंख्याखाली, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याच्या पात्यांवर, भाकरीएवढा जाड लाल थर बसला होता. फोडणीचा तेलकट धूर, धूळ आणि तिखट मिळून त्याचं घोंगडं झालं होतं. वरून कितीही ब्लोअर मारला तरी ते हललं नसतं. प्रोसेसर गुदमरत होता आणि जीव वाचवायला स्वतःच बंद होत होता, बिचारा.

गटात टाळ्यांचे हात पडायला लागले. भाग्येशनं मध्येच लिहिलं, "काका, प्रश्नाच्या नावाखाली सल्ला चालणार नाही. ही शेवटची सूचना. पुढच्या वेळी गटातून काढावं लागेल. सर्वांना नियम सारखे."

"मी विचारू भी नको का?" रेवजींनी लिहिलं. तोही प्रश्नच होता.

तेवढ्यात रुपाचा मेसेज आला. "थर काढला. खालचा ठोकळाही काढून पुसते म्हणजे चकाचक होईल. पण तो घट्ट चिकटलाय. पकडीनं ओढते."

त्या जातीच्या कॉम्प्युटरमध्ये ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामधली, उष्णता वर नेणारी पेस्ट जुनी झाली की दगड होते, आणि ठोकळा ओढला की प्रोसेसरही त्याच्यासोबत उपटून येतो. त्याच्या केसासारख्या तारा वाकल्या की मग खरंच भंगार. यादीतल्या सातांपैकी कोणीही लिहीत नव्हतं. ह्याला प्रश्नाचं टोपडं घालत बसायला वेळ नव्हता.

त्यांनी लिहिलं, "वढू नको. पकड खाले ठेव."

मग पुढचं लिहायला घेतलं, कसं गरम करायचं, कसं फिरवायचं. दोन शब्द झाले आणि पडद्यावर ओळ आली की तुम्हाला या गटातून काढण्यात आलं आहे. लिहायची जागाच नाहीशी झाली.

रेवजी फोनकडे बघत बसले. रुपानं मेसेज वाचला की नाही? पकड खाली ठेवली की नाही? तिचा नंबर जुन्या मेसेजांत दिसत होता. पण बाईमाणसाला खाजगीत फोन करायचा नाही हा नियम त्यांचाच होता, आणि गटातून काढलं म्हणून स्वतःचा शब्द मोडणाऱ्यातले ते नव्हते. त्यांनी फोन पाटावर आपटला.

फुलीबाई दारात धान्य निवडत होती. सगळा प्रकार ऐकून ती घरच्या भिलीत म्हणाली, "तुला काढलंय. मला कोण काढणार, मी होते कुठे? लाव तो नंबर."

रुपानं फोन उचलला तेव्हा फुलीबाईनं ओळखपाळख दोन वाक्यांत उरकली. "पोर, मी रेवजीनी बायको, नंदुरबारथीन. पकड कोठे शे तुन्ही?"

"खाली ठेवली," रुपा म्हणाली. "मेसेज दिसला, म्हणून थांबले. पण काका एकदम गायब झाले."

"गायब कसाना? आठेच शे. ऐक आते."

मग रेवजींनी सांगायचं आणि फुलीबाईनं पुढे पोचवायचं, असा कारभार चालला. पंखा परत लाव. कॉम्प्युटर पाच मिनिटं चालव, पेस्ट मऊ होऊ दे. बंद कर, वायर काढ. आता ठोकळा धरून हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरव, वर उचलू नको. फुलीबाईनं त्यात स्वतःचं एक घातलं, की मिरची पुसलेला हात डोळ्याला लावू नको. ठोकळा सुटला आणि प्रोसेसर जागच्या जागी राहिला, तेव्हा रुपा फोनवरच ओरडली. भंगारवाला आला तसा परत गेला.

ठोकळ्याखाली लावायच्या नव्या पेस्टची नळी तिनं सोमवारी नवापूरहून आणली, आणि त्याच संध्याकाळी गटात निकाल टाकला. तो हेमराजनं दुकानात फोन नाकाशी धरून रेवजींना मोठ्यानं वाचून दाखवला. "निकाल: चार तास न थांबता चालू आहे. बोर्ड चांगलं, प्रोसेसर चांगला. सल्ला रेवजी वळवी यांचा. सांगितला फुलीबाईंनी. दोघंही या गटात नाहीत."

हेमराज पुढे वाचत गेला आणि त्याला हसू आवरेना. निकालानंतर कोणीतरी प्रिंटरची तक्रार टाकली होती. वाकड्या रॅमवाल्या मगननं लिहिलं होतं, "भाऊ, केबल काढून परत लावली तर काही पाप लागतं का?" त्यावर पोस्टातला म्हणाला, "शाई संपली असेल, असं मी विचारू का?" ट्रॅक्टरवाल्यानं माउसच्या तक्रारीवर सलग सहा प्रश्न विचारले होते. पुढचे तीन दिवस चारशे लोक एकमेकांना नुसते विचारत होते, आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त होत होते. यादीतल्या सातांना कोणी विचारेना.

चौथ्या दिवशी भाग्येशचा फोन आला. गटावर शुद्ध मराठी लिहिणारा तो, फोनवर घरच्या बोलीवर आला.

"काका, तुमनं नाव टाकी देस यादीमा. आठवं. शिक्षणनी जागा कोरी ठेवस."

"कोरी काबरं? दहावी नापास लिख ना."

"लोके काय म्हनतीन?"

"मंग नाव नको. यादी काढ."

"काका, यादी काढी तर कोनी बी काही बी सांगी. मगनभाऊनी रॅम जळनी ना?"

रेवजींचा आवाज चढला नाही. "जळनी. मी चारशे लोकेसना समोर चुकनं म्हनीसन लिखं आनि मन्ही रॅम त्याले दिन्ही. तुन्हा यादीवाला रुपाले नवा ल्हे म्हनत व्हतात. त्यासमाईन कोनी 'चुकनं' लिखं?"

मग भाग्येश "देखस" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी यादी गेली. तिच्या जागी भाग्येशची एकच ओळ होती, आणि ती अहिराणीत होती: "मन्हं चुकनं." त्याखाली दोन नवे नंबर गटात आले, एक रेवजींचा आणि एक फुलीबाईचा. तिला कोणी शिक्षण विचारलं नाही.

अक्कलकुव्याच्या एका माणसाचा कीबोर्ड सकाळपासून अडून बसला होता. रेवजींनी चष्मा पुसला. सगळ्यांत वर त्यांनी लिहिलं, "रेवजी वळवी, दहावी नापास, दोनदा." त्याखाली कीबोर्ड कसा उघडायचा, कशानं पुसायचा आणि कशाला हात लावायचा नाही, हे एकेक करून सांगितलं. विचारलं काहीच नाही.