रुमालाखालचे सहा आणे

हातात काहीही आलं की नाना आधी त्याचा धागा ओढून बघत. दोन्ही हातांच्या चिमटीत कापूस धरायचा, हळूच ओढायचा, तुटलेली टोकं पुन्हा एकावर एक ठेवायची, पुन्हा ओढायचा. चार वेळा असं केलं की धागा किती लांब आणि किती बळकट हे त्यांना कळे. तो त्यांचा धंदाच होता, त्यामुळे इथवर ठीक. पण पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले असताना नानांनी यजमानांच्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून कापूस काढला, ओढून पाहिला आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "गादी जुनी शे, पन कापूस चांगला व्हता."

मुलीच्या बापाला हे कौतुक वाटलं की टोमणा, ते कळलं नाही. लग्न मात्र ठरलं.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. शिंपी सत्यनारायणाला आला तरी त्याची नजर पुजाऱ्याच्या उपरण्याच्या शिवणीवर असते. नाना त्याच जातकुळीतले. जळगावला एका शेठजींची कापसाची अडत होती, तिथे ते कापूस पारखायला होते आणि मी इंग्रजी पत्रं लिहायला. मी नुकता मॅट्रिक झालेला, विसाव्या वर्षाचा शहाणा. नाना चाळिशी ओलांडलेले. ते राहायचे अडतीच्याच माळ्यावर. बायको, जिला सगळे अक्का म्हणत, आणि दोन मुलं एरंडोलकडच्या गावी. महिना तीस रुपयांत जळगावात संसार थाटणं जमत नव्हतं, म्हणून नाना पौर्णिमेला गावी जात आणि दोन दिवसांनी परत येत.

हंगामात शेठजी मलाही बाजारात पाठवत. कापसाच्या गाड्या लागलेल्या असायच्या. एकदा मी एक गाडी पसंत केली. वरचा कापूस कोरडा, पांढराशुभ्र. अडतीवर आणून खाली केली तर मधला सगळा ओला. वजन वाढावं म्हणून मालकाने पाणी शिंपडलं होतं. नानांनी गाडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात खुपसला असता आणि शेतकऱ्याला विचारलं असतं, "का भो, तुन्याच गावले पाऊस पडना का?" मी नुसता वरून हात फिरवला होता.

शेठजी संतापले. "ही गाडी कोणी पाहिली?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "मीच देखेल व्हती, शेठ." आणि माझ्या वाटणीच्या शिव्या त्यांनी मान खाली घालून खाल्ल्या. नंतर मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "शेठले माहीत शे मी चुकस नही. तो मना वर कितला वेळ रागे भरी?"

आता रुमालाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. तेव्हा बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि बोटं धरून भाव सांगत. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा दाबला तर पाच. बघणाऱ्याला दोन माणसं गप्प बसलेली दिसायची. खाली रुमालात कडाक्याचं भांडण चाललेलं असायचं. आणि एकदा रुमाल उचलला की सौदा झाला. मग कोणी तो मोडत नसे.

मला हे शिकवलं नानांनीच. एका गिऱ्हाइकाने फारच कमी आकडा धरला म्हणून मी उठून चाललो होतो, तेव्हा त्यांनी धोतराचा सोगा धरून मला खाली बसवलं. "पहिला भाव म्हणजे भाव नही, भाऊ. तो राम राम शे." राम रामला कोणी रागावतं का? उलट राम राम घालायचा, आणि पुढे सरकायचं. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल.

त्या सुमारास मुंबईच्या एका बँकेने जळगावात शाखा काढली. कापसाच्या गाठी तारण ठेवून ती बँक व्यापाऱ्यांना कर्ज देणार होती. गाठींत खरोखर काय आहे हे ओळखणारा माणूस गोदामावर हवा, म्हणून बँकेच्या साहेबांनी बाजारात चौकशी केली, आणि ज्याला विचारावं तो एकच नाव सांगे. एके दिवशी दुपारी नाना एक लांब लिफाफा घेऊन माझ्यापुढे बसले.

"वाची दाखाड. सावकाश."

गोदाम-कीपरची जागा. पगार पंचावन्न रुपये. पहिले सहा महिने उमेदवारीचे, मग कायम. दर वर्षी तीन रुपये वाढ, प्रॉव्हिडंट फंड, आणि लायक माणसाला पुढे धुळे-अमळनेरकडची गोदामंही सांभाळायला देण्याचा विचार होईल. एका पगारदाराचा जामीन. उत्तर पंधरा दिवसांत.

प्रॉव्हिडंट फंड म्हणजे काय ते मी समजावलं. नानांनी ते दोनदा ऐकून घेतलं. "म्हणजे मी घर बसू तवय बी पैसा?" एवढंच विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पिंप्राळाना वाटवर दोन खोल्या देखी ठेल शेत. चुल्हाना वर खिडकी शे. धूर बाहेर जास."

गावच्या घराला खिडकी नव्हती. धुराने अक्कांचे डोळे बारा महिने लाल असत, हे त्यांनी एरवी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला. "सोळा आना म्हणजे डोया मिटीसन धरानी नोकरी. तुले हाई कितला आना वाटस? तोंडी सांगशी तं मना तोंड देखी सांगशी. रुमालमा सांग."

मी खरं काय मानत होतो ते आधी सांगून टाकतो. मला ती नोकरी सोळा आणे वाटत होती. शेठजींकडे पगारवाढ म्हणजे दिवाळीचं धोतर. म्हातारपणी काय, हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नव्हता. पण नाना गेले तर बाजारात मी एकटा. ओल्या गाड्या मीच घेणार, शिव्याही मीच खाणार. आणि दुपारची भाकरी कोणाबरोबर खायची? मला ते जायला नको होते. यात माया किती आणि स्वार्थ किती हे मी पुष्कळदा ओढून पाहिलं आहे. नानांसारखी पारख मला नाही.

मी रुमालाखाली त्यांचा पंजा दाबला, आणि वर एक बोट धरलं. सहा आणे.

मनात म्हटलं, आता नाना घासाघीस करतील. बोटं वर चढवतील, मी दहावर येईन, बारावर येईन, मग जामीन, उमेदवारी, बँका बुडतात की तरतात, सगळं मोकळेपणी बोलू आणि शेवटी काय ते ठरेल. पहिला भाव राम रामच, हे त्यांनीच तर शिकवलं होतं.

नानांची बोटं क्षणभर तशीच राहिली. मग त्यांनी रुमाल उचलला, झटकला आणि घडी घालून खांद्यावर टाकला.

"बरं. लिखी दे मग, जमाव नही म्हणीसन."

"नाना, अहो, थांबा. मी आपला पहिला आकडा..."

"घरना मानूससंगे घासाघीस करतस का कोनी?" ते हसले. "तू सांगं, ते मना साठे शेवटलंच."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण रुमाल उचलला गेला होता, आणि खरं सांगतो, आत कुठेतरी मला बरं वाटलं. मी दौत पुढे ओढली आणि नकाराचं पत्र लिहिलं. साहेबांच्या औदार्याबद्दल कृतज्ञता, असमर्थतेबद्दल मनःपूर्वक दिलगिरी. माझं इंग्रजी त्याआधी इतकं चांगलं कधी वठलं नव्हतं. नानांनी खाली मोडीत सही केली आणि म्हणाले, "अक्षर मोती शे भाऊ तुनं."

ती जागा एका दुसऱ्या गृहस्थांना मिळाली. त्यांना कापूस आणि उशीतली सावरी यांतला फरक सांगावा लागे, पण माणूस सज्जन होता. पुढे ते धुळ्याला सगळ्या गोदामांवरचे मुख्य झाले, घर बांधलं, गच्ची काढली.

आणि माझं काय झालं? दोनेक वर्षांनी बँकेच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर तेच पत्र होतं. "नोकरी नाकारणारी पत्रं आम्हाला फार येत नाहीत," ते म्हणाले, "त्यातून असं तर एकही नाही. हे कोणी लिहिलं याची मी चौकशी केली." कारकुनाची जागा, पंचेचाळीस रुपये, दर वर्षी वाढ, फंड. ज्या पत्राने नानांना पाडलं, त्याच पत्रावर पाय ठेवून मी वर चढलो.

नानांना विचारल्याशिवाय होकार देण्याचं धाडस मला झालं नाही. मी माळ्यावर गेलो, सगळं सांगितलं आणि लाज सोडून हात पुढे केला. त्यांनी रुमाल टाकला. पंजा, पंजा, पंजा आणि एक बोट. विचार करायलाही थांबले नाहीत.

"जाय भाऊ. असा मौका परत येत नही."

सहा आण्यांची खरी गोष्ट त्या दिवशीही मी सांगितली नाही.

पुढे मंदी आली. कापसाचा भाव असा पडला की वेचणीची मजुरी सुटेना. शेठजींनी अडत मिटवली आणि ते आपल्या मुलखात निघून गेले. नानांचा हिशेब त्यांनी चोख केला, वर एक शालही दिली. मी साहेबांकडे शब्द टाकून पाहिला. "वय झालं त्यांचं," साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. दोन-तीन हंगाम नाना रोजंदारीवर कापूस पारखत फिरले. त्यातच धुळ्याला उघडा लिलाव सुरू झाला, मग आमच्याकडेही. रुमालाखालचे सौदे बंद झाले. शेतकऱ्याच्या भल्याचंच होतं ते, नानांनीही मान्य केलं. "बरंच व्हयनं. आते जे शे ते तोंडवर," असं म्हणाले आणि गावी निघून गेले.

नाना अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी हेड क्लार्क झालो होतो. एरंडोलपर्यंत मोटारने गेलो, पुढे बैलगाडीने. एकच खोली, तिच्यातच चूल, आणि धूर छपराला जाऊन परत खाली येत होता. अक्का डोळे पुसत पुढे आल्या. त्यांना मी प्रथमच पाहत होतो.

"तुमीच का ते, मोतीनं अक्षरवाला? भलतं नाव काढतस तुमनं." मग चुलीकडे वळत म्हणाल्या, "यासनीबी बँकमा नोकरी लागेल व्हती. पन यासले शेठनी माया सुटनी नही. आपलं आपणच नही म्हनी टाकं."

मी नानांकडे पाहिलं. ते छपराकडे बघत होते.

अक्का चहा टाकायला बसल्या. मी बाजेच्या कडेवर बसलो आणि गोधडीखाली हात घालून त्यांचा हात शोधला. हाडं तेवढी उरली होती. मी पंजा दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला आणि वर एक बोट धरलं.

नानांनी मान वळवली. "हाऊ कसाना भाव?"

"त्याच नोकरीचा, नाना. तेव्हा मी सहा आणे बोललो होतो. मला सोळाच वाटत होते. तुम्ही जावं असं मला वाटत नव्हतं. तो राम राम होता, नाना."

चुलीत अक्का फुंकर घालत होत्या आणि खोकत होत्या. नानांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सौदा कवयच बंद व्हई गया, भाऊ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं झालं असतं. मग अगदी हळू, "तिले नको सांगू. तिले वाटस मीच नही म्हनेल शे. तसंच ऱ्हाऊ दे."

ओल्या गाडीच्या वेळी शेठजींपुढे उभे राहिले होते तसेच ते मला पाठीशी घालून उभे राहिले, फक्त या खेपेला आडवे पडून. त्या वेळी शिव्या थोडा वेळच खाव्या लागल्या होत्या. ही गाडी त्यांनी चौदा वर्षं आपल्या नावावर घेतली होती.

अक्कांनी कपबशी आणून दिली आणि पदराने डोळे टिपत समोर बसल्या. "तुमीन देखेल व्हत्यात का त्या खोल्या? पिंप्राळाना वाटवरल्या?"

मी पाहिल्या होत्या. नकाराचं पत्र टपालात टाकलं त्याच संध्याकाळी, नानांना न सांगता, एकटाच जाऊन बघून आलो होतो.

"खरंच खिडकी व्हती का तठे? का हे मना मन राखासाठे सांगतस?"

गोधडीखाली नानांचा हात अजून माझ्या हातात होता.

"होती, अक्का," मी म्हणालो. "चुलीच्या बरोबर वर होती."