उलट्या कामाचा टर्नर

दौलत कांबळे गेल्याची बातमी फोनवर आली तेव्हा मी आधी विचारलं, "कोणता दौलत?" मग विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" फोन करणारा आमचा जुना हेडटर्नर गणपत चिडला. "आवं साहेब, मानूस गेलाय, त्याचं बी सर्टिफिकेट मागताय व्हय?" त्याचं बरोबर होतं. पण सांगलीजवळच्या त्या कारखान्यात मी तपासनीस होतो, आणि तपासनिसाला पगार संशयाचाच मिळतो. कोणी माल आणून ठेवला की तो बिघडलेलाच आहे असं धरून चालायचं, आणि चूक सापडली नाही तर आपलंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजायचं. तीस वर्षं हे केल्यावर माणूस घरची भाजीसुद्धा चाखण्याआधी उजेडात धरून बघतो. दौलतला जाऊन आता महिना होऊन गेला. दौलतबद्दल सगळे फार चांगलं बोलतायत. तेही मला पुरतं पटत नाही. हेच लोक तेव्हा तिथं होते… आणि मीही होतो.

साठ सालानंतरची गोष्ट. दौलत आष्ट्याचा, बौद्ध वस्तीतला, फौजेच्या वर्कशॉपमध्ये सात वर्षं काढून आलेला. आला टर्नर, म्हणजे लेथवर लोखंडाचं गोल काम करणारा कारागीर, व्हायला आणि लागला मिलिंग मशीनवर. लेथ विभागात सगळी गणपतची माणसं, कुंडलची नाहीतर इस्लामपूरची, एकमेकांची सोयरी. दौलतला 'नको' असं कोणी म्हटलं नाही. तो विचारायला गेला की उत्तर यायचं, "लेथ रिकामा न्हाई गड्या, बघू फुडल्या म्हैन्यात." तो पुढचा महिना काही उजाडत नव्हता. लेथवाल्यांचा पाण्याचा माठ वेगळा होता आणि दौलत डबा आपल्या मशीनपाशीच खायचा. त्याला तिथंच बरं वाटत असेल, असं मी समजून चाललो होतो. असं समजून चालणं सोयीचं असतं.

मग एक टर्नर निवृत्त झाला आणि जागा निघाली. अर्जाबरोबर स्वतःच्या कामाचा नमुना द्यायचा होता. दौलतनं सहा पिना आणून माझ्या टेबलावर ठेवल्या, उसाच्या चरकाला लागतात तशा, बोटभर लांब. मायक्रोमीटर लावला. सहाच्या सहा तंतोतंत. आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला लेथला हात लावू देत नाहीत, त्यानं हे गोल काम केलं कुठं? मी भिंग घेतलं. लेथवर हत्यार यंत्रानंच पुढं सरकतं, म्हणून लोखंडावरच्या बारीक रेघा सारख्या अंतरावर पडतात. या पिनांवर त्या कुठं दाट होत्या, कुठं विरळ. म्हणजे हे आपल्या लेथवरचं काम नव्हे, सांगलीतल्या कुठल्या तरी दुकानातून करून आणलेलं असणार.

गणपतला बाजूला घेऊन विचारलं. तो तंबाखू चोळत हसला. "त्याचं काय इचारता साहेब? त्याचा समदा उलटा धंदा हाय."

मला एवढं पुरलं. उलटे धंदे म्हणजे काय, हे आपल्याकडं कोणाला फोड करून सांगावं लागत नाही. मी शेरा लिहिला, 'काम स्वतःचे असल्याबद्दल शंका', खाली सही ठोकली आणि कागद ऑफिसात धाडला. दुपारी दौलत माझ्यासमोर उभा.

"आवं साहेब, माप चुकलंय का?"

"नाही."

"मग शंका कशापायी?"

"हे तू लेथवर कधी केलंस?"

"लेथवर न्हाईच केलं. चला की, आत्ता दावतो."

"बघू," मी म्हणालो. गणपतचाच शब्द माझ्या तोंडी आला, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेलो, पण बघायला नव्हे, त्याला रंगेहाथ पकडायला. लोखंडी सळ्यांच्या रॅकमागं उभा राहिलो. आता ज्यांनी ही यंत्रं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: लेथवर लोखंड फिरतं आणि हत्यार न फिरता नुसतं पुढं सरकतं. मिलिंगवर याच्या बरोबर उलट, वर कटर फिरतो आणि खाली टेबलावर लोखंड घट्ट आवळलेलं असतं. दौलतनं कटर काढून बाजूला ठेवला होता. त्या जागी, मशीनच्या फिरत्या तोंडात, त्यानं लोखंडाचा तुकडाच धरला होता, आणि खाली टेबलावरच्या शिकंज्यात लेथचं हत्यार उभं आवळलं होतं. मशीन सुरू झालं. लोखंड गरगरायला लागलं आणि दौलत हँडल केसाकेसानं फिरवत टेबल वर चढवू लागला. रेघा दाट-विरळ का होत्या ते मला कळलं. तो यंत्राचा वेग नव्हता, हाताचा होता. लांब काम असं होत नाही, आधाराशिवाय थरथरतं. म्हणून त्याच्या पिना बोटभरच. फौजेत अडीअडचणीला शिकला असणार.

उलटा धंदा तो हा! गणपतला खरंच एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या कानाला ते कसं लागेल हेही तो जाणून होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला विचारायचीही सोय नाही. तो उलट विचारेल, तुमाला तसंच का ऐकू आलं?

दौलतची माझ्याकडं पाठ होती. त्यानं मला पाहिलं नाही… निदान मी तसं धरून चाललो. शेरा मागं घ्यायला पाच मिनिटं लागली असती, कागद अजून ऑफिसच्या टेबलावरच होता. मी गेलो नाही. काम लेथवरचं नाही, म्हणजे टर्नरचं नाही, म्हणजे शेरा बरोबरच, अशी मनाची समजूत घातली. खरं कारण एवढंच, की सही केलेला कागद परत मागायची मला लाज वाटली. दुसऱ्या कोणासाठी ती लाज मी गिळली असती का? संशयाला जात नसते असं तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं असतं. आज सांगणार नाही. जागा गणपतच्या मेव्हण्याला मिळाली.

दौलत निवृत्तीपर्यंत मिलिंगवरच राहिला. लेथवर कामाचा ढीग साचला की आखूड गोल काम गुपचूप त्याच्याकडं जायचं. तो करायचा, नाव मात्र लेथ विभागाचं लागायचं. हा कधीतरी माझ्यावर डाव साधणार, याची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्यानं साधला नाही, त्याचाही मला संशयच आला. माल टेबलावर ठेवून तो उभा राहायचा. "बगा साहेब, निवांत बगा." हा आदर होता की टोमणा, मला कधी ओळखता आलं नाही. हळूहळू त्याच्या रेघा सारख्या होत गेल्या. पुढं पुढं तर लेथचं काम कोणतं आणि त्याचं कोणतं, हे मला भिंगातूनही सांगता येईना. हे मी कोणाजवळ बोललो नाही.

परवा साताऱ्यात भाच्यानं आपल्या कारखान्यातल्या सीएनसी मिलिंग मशीनवर अगदी असंच टर्निंग करून दाखवलं. लोखंड वर, हत्यार खाली, हाताचं काम काही नाही, सगळं संगणकाच्या हवाली. "मामा, ही नवी युक्ती आहे," तो कौतुकानं म्हणाला. तिथंही दौलतचं नाव मी काढलं नाही. रात्रभर स्वतःचा राग आला आणि सकाळची पहिली एसटी धरून आष्ट्याला गेलो.

दौलतची मुलगी सुनंदा दारातच भेटली. नाव सांगितल्यावर तिनं ओळखलं. चौकटीवर पितळेची पाटी होती, 'दौलत कांबळे, टर्नर'. अक्षरं मशीनवर कोरलेली. सवयीनं मी नख फिरवून बघितलं, खोली सगळीकडं एकसारखी.

"बरं झालं काका, तुमी आलात," ती म्हणाली. "भाऊ म्हणतोय ही पाटी काढू या. कारखान्याच्या कागदावर मिलिंग ऑपरेटर हाय, मग खोटं कशाला मिरवायचं? तुमी तिथं तपासनीस व्हता. बाबा खरंच टर्नरचं काम करायचे?"

"करायचे. फार चांगलं करायचे. पाटी बरोबर आहे."

"तुमी सोता बगितलं व्हतं?"

"हो."

"कवा?"

"त्यांचा अर्ज होता तेव्हाच. रॅकमागं उभं राहून."

त्या अर्जावरच्या माझ्या शेऱ्याचं तिनं घरात ऐकलेलं असणार. मग तिनं पदरानं पाटी पुसली. "ऱ्हाऊ दे मग पाटी," एवढं म्हणून ती घरात गेली. मला आत या म्हणाली नाही.