रजिस्टरवाल्या आपा

माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहावं, हा तसा आगाऊपणाच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करा. पण आपांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

नांदेडात आमच्या क्लासच्या गल्लीत त्यांचं सायबर कॅफे होतं. आत पाच संगणक, दाराशी रजिस्टर. ओळखपत्र दाखवून नाव, गाव, वेळ लिहिल्याशिवाय त्या कुणाला आत सोडत नसत. "सरकारचा नियम हाय, बेटा. आधी नाव, मग दुनिया." माझा मित्र गणेश यानं एकदा गंमत म्हणून एका मंत्र्याचं नाव लिहिलं. आपा वाचून उठून उभ्याच राहिल्या. "या साहेब, गाडी कुठं लावली? जरा आमच्या नालीचं बी बघा की." मग त्याच्याच हातानं ते खोडून खरं नाव लिहून घेतलं.

मला तर पहिल्या दिवशी त्यांनी परतच पाठवलं होतं. ओळखपत्र लोह्याजवळच्या आमच्या गावी राहिलं होतं. मला फार राग आला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात नेटची वायर आली का?"

"ग्रामपंचायतीपर्यंत आली. डबा बसवलाय, पण दिवाच लागत न्हाई."

"मग अर्ज केला का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "नियम आमच्यासाठी हाय, तर सरकारसाठी बी हाय. बस, लिव." आयुष्यातला पहिला अर्ज मी त्यांच्या टेबलावर लिहिला.

वैद्यकीय प्रवेशाचे पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस होता, मुदत पाचपर्यंत. सकाळीच शहरात काही गडबड झाली आणि मोबाइलचं नेट बंद झालं. दुपारी कॅफे बंद ठेवायचाही हुकूम निघाला. मी धावत पोचलो तेव्हा आपा शटर ओढत होत्या. त्यांची तारेची लाइन अजून चालू होती.

"वरीस जाईल माझं, आपा," एवढंच मला बोलता आलं.

त्यांनी हुकमाचा कागद पुन्हा वाचला आणि त्याची घडी घातली. "जोडे हातात घे. आत ये."

माझ्यामागून आणखी चौघं आली. शटर खाली गेलं. सवयीनं मी रजिस्टरकडे हात नेला, तर त्यांनी ते मिटून मांडीवर घेतलं. "आज न्हाई. आज कोणी आलंच न्हाई."

पावणेपाचला माझा अर्ज गेला. मला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन गेलो, तर कॅफेला कुलूप. "आपा लेकीकडं गेल्यात," शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. मला वाटलं, चार दिवस गेल्या असतील. पेढे त्याच्याकडेच ठेवून मी निघालो.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. परवा गणेशचा फोन आला, तेव्हा कळलं. त्या दुपारी लाइन वापरल्याचं नेट कंपनीच्या नोंदीत दिसलं होतं. पोलिसांनी आपांना तीनदा चौकशीला बोलावलं. पोरांची नावं दिली तर परवाना राहील, असं सांगितलं.

आपांनी एकही नाव दिलं नाही. परवाना गेला.