कोरसमधले बाबा

बाबा वस्तीतल्या गायन पार्टीत कोरसला होते. जयंतीसाठी पार्टीनं एक अल्बम रेकॉर्ड केला, त्यावर मुख्य गायकाचं नाव आलं आणि कोरसचं ‘व इतर’ झालं. त्या इतरांत बाबा. पुढे एका कंपनीनं तो अल्बम इंटरनेटवर विकायला ठेवला आणि मी तो रीतसर विकत घेतला. आख्ख्या वस्तीत गाणी विकत घेणारा मी एकटाच. बाकीचे मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचे. मी त्यांना तोंडावर चोर म्हणायचो.

माझी फाईल उत्तम होती. कोरसमधला एकेक आवाज सुटा ऐकू यायचा. बाबा प्रत्येक ओळीला किंचित उशिरा यायचे, तेही स्वच्छ ऐकू यायचं. फक्त ती माझ्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर वाजायची, दुसरीकडे नेली की उघडायची नाही. मला याचा अभिमान होता.

“माज्या मोबाईलमदी टाक की,” बाबा एकदा म्हणाले.

“जात नाही. कुलूप तोडून घेतलं तर ती चोरी होते.”

“आवाज माजा, मग चोरी कुणाची?”

मी त्यांना कायदा समजावला. मी कारकून माणूस, समजवायला बसलो की लवकर उठत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारपासून पार्टीतल्या एकेकाला आमच्या घरी आणायला सुरुवात केली. ढोलकीवाले काका कुंभारीहून दोनदा आले. कॉम्प्युटरसमोर खुर्ची, हातात चहा. आपला आवाज आला की जो तो बोट वर करून “ह्यो मी!” म्हणायचा. बाबा बोटही उशिराच वर करायचे.

बाबा गेले. वर्षाच्या आत कॉम्प्युटरही गेला. दुरुस्तीवाल्यानं फाईल वाचवून दिली, पण नवीन कॉम्प्युटर परवानगी मागायला लागला आणि परवानगी देणारी कंपनी बंद पडली होती. मी ईमेल केला, तो परत आला. फाईल आजही माझ्याकडे आहे. उघडत नाही.

शेवटी शेजाऱ्याच्या मेमरी कार्डावरून गाणं घेतलं. कार्डात जास्त गाणी मावावीत म्हणून ते दाबून दाबून लहान केलेलं. कोरसचा नुसता गरगट्टा झाला होता. त्यात सगळे अगदी वेळेवर येत होते. मी चार वेळा ऐकलं. बाबा नव्हते.

आईला इअरफोन लावून दिले. तिनं डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं, मग एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला.

“मला आता नीट ऐकू येत न्हाय. ते कुटं हायत, सांग की.”

मी गाणं पुन्हा लावलं आणि दुसऱ्या कडव्यानंतर म्हणालो, “हे बघ, आत्ता.”

“व्हय की,” आई म्हणाली आणि हसली.

आता ती रोज तेवढंच ऐकते. दुसऱ्या कडव्यानंतरचा कोरस झाला की थांबवते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते.