पलीकडचा काठ

आमच्या मंगळवार पेठेत पिठाची गिरणी चालवणाऱ्या काकी गिरणी बंद असतानाही ओरडूनच बोलतात. जन्म त्या घरघरीत गेलेला. नृसिंहवाडीच्या पलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. दिवाळीनंतर भिशीतल्या बायकांबरोबर मनालीला गेल्या आणि रबरी होडीत बसून थेट नदीत उतरल्या. बाकीच्या काठावरून फोटो काढत होत्या.

आल्यावर मला म्हणाल्या, "तीनदा तोंडात पाणी गेलं, पर भ्या वाटलं न्हाय बघ. पवायला येत न्हाय, ह्याची मातर लाज वाटली."

लगेच पुढच्या आठवड्यात साठीच्या काकी पंजाबी ड्रेस घालून, कमरेला ट्यूब बांधून पंचगंगेत पोहायला शिकू लागल्या. घाटावरची माणसं हसायची. एकदा मी दळण न्यायला गेलो होतो, तेव्हा त्यांचे दीर तावातावाने गिरणीत आले.

"वैनी, भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवा की! ह्या वयात शोभतंय व्हय हे?"

काकींनी हातातलं जोंधळ्याचं दळण गिरणीत ओतलं. "भावजी, तुमी रोज घाटावर बसून गप्पा हाणताय. पाण्यात पाय तरी घातलाय कवा? उद्या या, मी शिकवतो."

दीर आल्या पावली माघारी फिरले.

परवा काकींनी ट्यूब न बांधताच नदी ओलांडली. त्यांच्या चपला सांभाळत मी पायरीवर उभा होतो. पलीकडे पोचून त्यांनी केसांतलं पाणी पिळलं.

"काकी, परत नावेतनं या!" मी ओरडलो.

त्यांनी नावेकडे पाहिलंही नाही. ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि पुन्हा पाण्यात उतरल्या.