पत्नीच्या सहकार्याबद्दल आभार

१२ मार्च २००१, सोमवार. प्राचार्यांची खोली. हजर : प्राचार्य, अर्थशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडम, शेवटच्या वर्षाचे सात विद्यार्थी (पैकी मुली तीन) आणि इतिवृत्त लिहायला परीक्षा विभागातली मी. न बोलावता हजर : आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान.

कॉपीचा इतका द्वेष करणारा आणि इतक्या मुलांकडून ती करून घेणारा दुसरा माणूस अख्ख्या नाशकात झाला नसेल. दाजी शाळेत शिक्षक. परीक्षेत त्यांचं सुपरव्हिजन आलं की मुलं घरूनच देवाचं नाव घेत निघायची. एकदा संशयावरून त्यांनी एका मुलाचे बूट काढायला लावले. चिठ्ठी निघाली नाही, भोकं पडलेले मोजे निघाले. दुसऱ्या दिवशी दाजी त्याच्यासाठी नवे मोजे घेऊन गेले, आणि ते देण्याआधी बूट पुन्हा तपासले. इंदिरानगरातल्या त्यांच्या दारावर पाटी होती : ‘विद्यार्थी मार्गदर्शन केंद्र. कॉपी करणाऱ्यांनी बेल वाजवू नये.’ बेल दिवसभर वाजत असे. आत मार्गदर्शन चाले ते असं : दाजी झोपाळ्यावर बसून प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत अख्खा प्रोजेक्ट सांगत, आणि कॉलेजची मुलं खाली सतरंजीवर बसून तो उतरवून घेत. ही कॉपी नव्हे का, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांचा सिद्धांत तयार होता. “स्वतःच्या अक्षरात लिहिलं की ते स्वतःचं होतं.” झेरॉक्स काढणाऱ्याला मात्र ते चोर म्हणत. शिवाय न्यायबुद्धी अशी, की जेमतेम पास होणाऱ्या मुलाला मुद्दाम कच्चा निष्कर्ष सांगायचे. ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे मिळायला हवं, म्हणायचे. सिन्नरच्या कारखान्यांतल्या कामगारांची पाहणी दाजींनी तरुणपणी खरोखर पायी फिरून केली होती. पुढे तीच पाहणी इतक्या मुलांनी केली, की त्या कामगारांना काम करायला वेळ कधी मिळाला असेल, कोण जाणे.

त्या सोमवारी घोटाळा उघडा पडला तो शेवटच्या पानामुळे. साती प्रोजेक्टमध्ये ऋणनिर्देश एकच : ‘माझ्या पत्नीने संसार सांभाळून केलेल्या सहकार्याशिवाय हे काम पूर्ण झाले नसते.’ सातांपैकी एकाचंही लग्न झालेलं नव्हतं. मॅडमनी हे वाक्य तिन्ही मुलींना उभं करून वाचायला लावलं. प्राचार्यांनी सातही प्रोजेक्ट रद्द, म्हणजे वर्ष वाया, असं सांगितलं आणि मी लिहायला घेतलं.

सहा जण खाली बघत राहिले. सातवी, हरसूलची मुलगी, उभीच राहिली. तिचा विषय सिन्नर नव्हता, हरसूलचा आठवडे बाजार होता.

“सर, बाजार माझा हाय. दर आठवड्याला बसून लिवलाय,” ती म्हणाली.

“आणि पत्नी?” मॅडमनी विचारलं.

“मला वाटलं, तसंच लिवायचं असतं. अर्जात खाली ‘आपला विश्वासू’ लिवतो, तसं.”

तेवढ्यात दाराशी उभे असलेले दाजी पुढे आले. सहा जणांचं काय ते तुम्ही ठरवा, पण हिचं एकच पान माझं आहे, तेवढं फाडा आणि बाकीचं ठेवा, असं ते म्हणाले. ते पान आलं कुठून, हे प्राचार्यांनी विचारलं. दाजींनी चष्मा काढून पुसला.

“माझ्या एम.फिल.च्या प्रबंधातलं आहे. तो पुरा झाला नाही. आभार आधी लिहून ठेवले होते.”

मुलीचं पान फाडलं गेलं. तिने तिथेच बसून नवं लिहिलं. त्यात बाजारातल्या भाजीवाल्या बायकांची नावानिशी यादी होती आणि शेवटी दाजींचं नाव. तिचं वर्ष वाचलं. उरलेल्या सहांना पुढच्या वर्षी स्वतः सिन्नरला जावं लागलं. दाजींनी त्यांना एस.टी.चं वेळापत्रक काढून दिलं, बाकी काही सांगितलं नाही. पाटीही उतरली.

घरी हे सगळं मीच सांगितलं. अक्काने त्या प्रबंधासाठी दोन उन्हाळे टाइपरायटर बडवला होता. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने शांतपणे ते फाडलेलं पान माझ्याकडून मागून घेतलं, वाचलं आणि विचारलं, “एवढ्या पोरांनी लिहिलं, पण ह्यात माझं नाव कुठाय?”

दाजी झोपाळ्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला, वर ‘ऋणनिर्देश’ लिहिलं, खाली रेघ मारली. मग पेन तसंच धरून बसले. शेकडो मुलांना बसल्या बैठकीला आभार सांगणाऱ्या या माणसाला स्वतःचे दोन शब्द सुचेनात. त्यानंतर दर दिवाळीला ते तो कागद मागतात, बघतात आणि परत देतात.

माझ्या वहीत कामांची यादी असते. झालेल्या कामावर मी रेघ मारते. हे एक काम मात्र दर जानेवारीला जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवून घेते, स्वतःच्या अक्षरात : दाजींचं पान, अक्काच्या नावासह. बाकी.